सात टक्क्यांचा हिशेब भरल्या धरणातच मांडा

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सदस्य,
महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरण, मुंबई

स. न. वि. वि.

धरण भरलेलं असताना पाण्यावर पत्र कसलं लिहितेस, असं घरात मला विचारून झालं आहे. २०२५ च्या सप्टेंबरात नाथसागराचे, म्हणजे जायकवाडी धरणाचे, दरवाजे उघडले आणि लाखांत क्युसेक पाणी खाली गेलं. गोदाकाठच्या गावांतली उभी पिकं चिखलात झोपली. अशा वर्षी टंचाईचं नाव काढणं म्हणजे लग्नघरात सुतकाचा विषय काढण्यासारखं. तरीही मी आत्ताच लिहिते आहे. दुष्काळात लिहिलेल्या पत्राला उत्तर म्हणून टँकर येतो, आणि मला टँकर नको आहे. जायकवाडीसाठी वरच्या धरणांतून पाणी सोडण्याची अट ६५ टक्क्यांवरून ५८ वर आणायच्या शिफारशीबद्दल हे पत्र आहे.

आधी माझी ओळख. माझं माहेर कोपरगाव तालुक्यात, गोदावरीच्या डाव्या कालव्यावर. सासर अंबड तालुक्यात, जायकवाडीच्या डाव्या कालव्याच्या अंगाला. आजोबांच्या नावावर उसाचा मंजूर ब्लॉक होता, म्हणजे उसाला कालव्याचं पाणी मिळण्याची सरकारी मंजुरी. तो कागद आई अजून लोखंडी पेटीत सातबाराच्या वर ठेवते. इकडे सासऱ्यांनी मोसंबी लावली होती. वरच्या (नगर-नाशिकच्या) आणि खालच्या (मराठवाड्याच्या) पाण्याच्या भांडणात मला बाजू घेता येत नाही, घ्यायची झाली तर राखी कुणाला बांधायची हा प्रश्न पडतो.

२०२३ ची भाऊबीज सांगते. त्या वर्षीचा ऑगस्ट देशभरात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ठरला होता. ऑक्टोबरअखेर वरच्या धरणांतून जायकवाडीसाठी ८.६ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी सोडण्याचा आदेश निघाला होता आणि दिवाळी आली तरी पाणी सुटलं नव्हतं. वर कोर्टकचेऱ्या, खाली रास्ता रोकोची तयारी. मी ओवाळायला बसले तेव्हा भाऊ म्हणाला, "ताई, साडी माग, सोनं माग, ओवाळणीत पाणी तेवढं मागू नको." सगळे हसले. नंतर जेवताना कुणी पाण्याचं नाव काढलं नाही, वाढतानासुद्धा आई "अजून घेतेस का" एवढंच म्हणत होती.

पाणी सुटलं ते नोव्हेंबरच्या शेवटच्या आठवड्यात. भावाचा फोन आला, "गेलं बघ तुझं पाणी आत्ता पुलाखालून." नदीकाठच्या मोटारींची वीज तोडलेली, कोल्हापुरी बंधाऱ्यांच्या फळ्या काढलेल्या, आणि त्याचा नुकता तुटून गेलेला ऊस खोडव्याच्या (तुटलेल्या उसाच्या फुटव्याच्या) पहिल्या पाण्याची वाट बघत उभा. तो मला दोष देत नव्हता. त्याने फक्त विचारलं, "आता तुमच्याकडे हरभऱ्याला तरी मिळेल ना?"

नाही मिळालं. माझ्या विहिरीवर जेवढं भिजलं तेवढंच भिजलं.

तक्रारीचं मूळ इथेच आहे. २००५ च्या कायद्यातलं कलम १२(६)(ग) सांगतं की तूट खोऱ्यात सगळ्यांनी सारखी सोसावी, म्हणून ऑक्टोबरअखेर खोऱ्यातल्या सगळ्या धरणांतल्या साठ्याची टक्केवारी साधारण सारखी राहील असं पाणी राखावं. चांगलं कलम आहे. गोदावरीच्या पाणीवाटपावरची २०१३ ची मेंढेगिरी समिती, १९ सप्टेंबर २०१४ चा आपला आदेश, २०१६ चा उच्च न्यायालयाचा निकाल, या सगळ्याच्या मुळाशी तेच आहे. १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा जिवंत साठा ६५ टक्क्यांच्या खाली असेल तर वरून पाणी सोडायचं, हे सूत्र त्यातूनच आलं. पण हे समन्यायी वाटप नाथसागराच्या भिंतीपाशी येऊन थांबतं. पाणी धरणात येईपर्यंत कायदा आहे. धरणातून ते कुणाकडे गेलं, हे विचारणारं कलम कुणी वापरताना दिसत नाही. तुटीच्या वर्षी आलेलं पाणी पिण्यासाठी राखून ठेवतात, त्यात शहरं येतात, औद्योगिक वसाहती येतात. पिण्याच्या पाण्याबद्दल कुणाची तक्रार असण्याचं कारण नाही. पण ज्या शेतकऱ्याच्या नावाने रस्ता अडवला जातो त्याच्या चारीला (शेतापर्यंतच्या पोटकालव्याला) त्या वर्षी पाणी येत नाही, आणि ज्याचं पाणी गेलं तो वरचा शेतकरी समजतो की खालच्याने माझ्या तोंडचं पळवलं. दोघांचंही गेलं. मिळालं ते तिसऱ्याला, आणि त्याने त्यासाठी नेहमीच्या दरापेक्षा एक पैसा जास्त दिला नाही.

२०१६ च्या उन्हाळ्यात, लातूरला रेल्वेने पाणी जात असताना, मद्याच्या कारखान्यांचं पाणी ६० टक्क्यांपर्यंत आणि इतर उद्योगांचं २५ टक्क्यांपर्यंत कापण्याचा आदेश औरंगाबाद खंडपीठाला द्यावा लागला. हे काम कोर्टाने का करावं? पाणी कमी पडलं तर कोण किती सोसणार, याची यादी जुलै महिन्यातच भिंतीवर लावलेली असती तर कुणाला खंडपीठात जावं लागलं नसतं.

आता त्या सात टक्क्यांबद्दल. ते सूत्र पुन्हा तपासणाऱ्या मांदाडे समितीने ६५ टक्क्यांची अट ५८ टक्क्यांवर आणायची शिफारस केली आणि आपण त्यावर हरकती मागवल्या. माझी हरकत आकडा खाली आणण्याला नाही. तो ज्या भाषेत मांडला जातो त्या भाषेला आहे. "सात टक्के" ऐकलं की किराणा दुकानातली सवलत वाटते. जायकवाडीचा जिवंत साठा २,१७१ दलघमी (दशलक्ष घनमीटर). त्याचे सात टक्के म्हणजे १५२ दलघमी, सुमारे ५.३७ टीएमसी. २०२३ साली ज्या ८.६ टीएमसीसाठी खोऱ्यातली दोन्ही अंगं महिनाभर पेटली होती, त्यातला निम्म्याहून मोठा भाग.

एवढ्या पाण्याचं काय होतं, याचा हिशेब मी वहीत मांडून पाहिला. कालव्यात निम्मं मुरलं असं धरू, म्हणजे शेतात पोचलं ७६ दलघमी. पाटाने भिजवलेल्या उसाला वर्षाला दोन मीटर उंचीचं पाणी लागतं, म्हणजे एकराला ८,००० घनमीटर, ८० लाख लिटर. हरभऱ्याला तीस सेंटीमीटर पुरे, एकराला १,२००. त्या ७६ दलघमीत साडेनऊ हजार एकर ऊस होतो, नाहीतर साठ हजार एकरांवर हरभरा.

आता कुणी म्हणेल, मग लावा की हरभरा. शहरातल्या चर्चांमध्ये उसाला शिव्या देणारे हेच म्हणतात. तर ऐका. माझ्या रानात ऊस एकरी ३८ टनांच्या आसपास उतरतो. तोडणी-वाहतूक जाऊन टनाला २,७०० हातात पडले तर एकराला एक लाख होतात. हरभरा एकरी सात क्विंटल. बाजारात ५,००० ने गेला तर ३५ हजार. माझ्याकडे जमीन मोजकी आहे, म्हणून मी एकरावर हिशेब करते, आणि एकरावर ऊसच जिंकतो. पण जेवढ्या पाण्यात माझा एक एकर ऊस झाला तेवढ्यात साडेसहा एकर हरभरा झाला असता, म्हणजे सव्वादोन लाखांचा. पाण्यावर हिशेब केला तर ऊस हरतो, तोही दुपटीने. मी पाण्यावर हिशेब का करत नाही? कारण मला पाणी मोजून मिळत नाही. कालव्याच्या पाण्यासाठी सात नंबरचा अर्ज भरते तेव्हा त्यात पीक आणि क्षेत्र लिहायचं असतं. पाणीपट्टी एकरावर. पाळी आली की दारं धरायची, वाफा तुडुंब करायचा, कारण पुढची पाळी कधी येईल ते पाटकऱ्यालाही ठाऊक नसतं. ज्याची पाळीच भरवशाची नाही, त्याला काटकसर शिकवून काय होणार?

दुसरं, उसाला घ्यायला कारखाना बांधावर येतो आणि दर कायद्याने ठरलेला आहे. हरभरा घेऊन मी बाजार समितीत जाते तेव्हा हमीभावाचं केंद्र सुरू व्हायचं असतं, किंवा बारदाना संपलेला असतो. मोसंबीचं तर विचारूच नका, व्यापारी बागेत उभा राहून झाडाकडे न बघता फोनकडे बघत भाव सांगतो.

मोसंबीवरून आठवलं. २०१२ च्या दुष्काळात आमची पंधरा वर्षांची बाग गेली. जानेवारीपासून आम्ही विकतचे टँकर घालत होतो, खोडाभोवती उसाचं पाचट दाबत होतो. एप्रिलमध्ये पानं कडेने आत वळली, मग फांद्यांची टोकं करडी झाली. सासरे रोज सकाळी नखाने साल खरवडून बघायचे, आत हिरवं दिसलं की त्या झाडाला चुन्याची खूण करायचे आणि पाणी फक्त खुणेच्या झाडांना. खुणा दर आठवड्याला कमी होत गेल्या. मे महिन्यात आरा आणला. मोसंबीचं लाकूड आतून पिवळसर असतं, हे मला तोवर माहीत नव्हतं. सरपण म्हणून विकलं, ट्रॉलीच्या भाड्यापुरते पैसे आले. दोन वर्षांनी पाणी आलं तेव्हा आम्ही त्या जागी ऊस लावला. पाणी संपल्यामुळे गेलेल्या बागेच्या जागी सगळ्यात जास्त पाणी पिणारं पीक! वेडेपणा वाटेल. पण ऊस मेला तर एका वर्षाचा मरतो, बाग मेली तर पंधरा वर्षांची मरते. हवामान जेवढं लहरी होतं आहे, तेवढा शेतकरी कमी मुदतीचा विचार करायला लागला आहे, आणि त्याचा भार पाण्यावर पडतो आहे. हे आपल्या कोणत्या तक्त्यात बसतं, मला माहीत नाही.

वरच्यांचं म्हणणंही मांडते, नाहीतर भाऊ म्हणेल सासरचीच झाली. नाथसागर उथळ आहे, भरला की साडेतीनशे चौरस किलोमीटरवर पसरतो. त्यातून एक सेंटीमीटर पाणी उडालं की साडेतीन दलघमी गेलं, म्हणजे ३५० कोटी लिटर. मे महिन्यात एवढं जायला फार दिवस लागत नाहीत. दारणा १९१६ चं, भंडारदरा १९२६ चं. या धरणांवर तिथली तीन-चार पिढ्यांची शेती उभी आहे, ती जायकवाडीच्या आधीपासूनची. नोव्हेंबरच्या कोरड्या पात्रातून पाणी सोडलं की पहिला घोट वाळू पिते. हे सगळं खरं आहे. पण यातून निघणारा अर्थ "खाली पाणी देऊ नका" असा होत नाही. सोडायचं असेल तर नदी ओली असताना सोडा, एवढाच होतो. २०२३ साली पाणी कमी पडणार हे ऑगस्ट संपताना गावातल्या पोरालाही कळलं होतं. आदेश निघाला ३० ऑक्टोबरला आणि पाणी सुटायला आणखी तीन-साडेतीन आठवडे गेले. त्या आठवड्यांत जे पाणी वाळूच्या नावाने लिहिलं गेलं, ते खरं तर उशिराच्या नावाने लिहायला हवं.

उलट बाजूही आहे, आणि ती अवघड आहे. आता पाऊस सप्टेंबरच्या अखेरीला कोसळतो. १ सप्टेंबरला वरून पाणी सोडलं आणि २८ सप्टेंबरला खालचे दरवाजे उघडावे लागले, तर वरच्यांचं तोंड कसं बंद करणार? म्हणून एका तारखेवर सगळं टांगून ठेवणं आता जमणार नाही.

पश्चिमेकडे वाहून जाणारं पाणी गोदावरीत वळवलं की हा वाद कायमचा मिटेल, असं दर निवडणुकीत ऐकते. येऊ दे. पण ते उचलून आणायला वीज लागेल, त्या विजेचं बिल कुणीतरी भरेल, आणि ते पाणी आल्यावरही एक वाटप लागेलच. आजचं वाटप न शिकता उद्याच्या पाण्याची वाट बघणं मला पटत नाही.

माझ्या मागण्या साध्या आहेत. शिव्या नाहीत, इशारे नाहीत.

६५ असो वा ५८, आकडा बदलण्याआधी त्या ५.३७ टीएमसीचं खातं जाहीर करा. कोणत्या वर्षी ते पाणी कुणाला मिळालं असतं, कुणाचं काय बुडेल, वर कुणाचं काय वाचेल, हे गावाला कळेल अशा मराठीत, एकरांत आणि रुपयांत लिहा. बाष्पीभवन किती आणि नदीतली तूट किती, हे दर वर्षी मोजून फलकावर लावा. सोडलं किती आणि पोचलं किती यावर दोन जिल्ह्यांनी दोन आकडे सांगायचे, हे बंद व्हायला हवं.

निर्णय दोन टप्प्यांत करा. ऑगस्टअखेरच्या साठ्यावरून पहिला अंदाज जाहीर करा आणि नदी वाहती असतानाच थोडा हिस्सा सोडा. बाकीचा १५ ऑक्टोबरला. आणि पाणी सोडण्याआधी नदीकाठच्या गावांना वीस दिवस लेखी कळवा, किती सोडणार, किती दिवस वीज बंद राहणार, फळ्या कधी परत बसणार.

टंचाईच्या वर्षी ज्याचं आवर्तन (कालव्याच्या पाण्याची पाळी) जातं त्याला भरपाई द्या. वरच्याला, आणि खालच्या ज्याच्या चारीला पाणी येत नाही त्यालाही. पैसा कुठून आणायचा हे विचाराल, तर त्या वर्षी ज्यांना पाणी मिळतं त्यांच्याकडून. शेतीचा दर घनमीटरला पैशांत आहे आणि उद्योगाचा रुपयांत, हे मला माहीत आहे. पण भरल्या वर्षी आणि तुटीच्या वर्षी उद्योगाने एकच दर का द्यावा? तुटीच्या वर्षाचा अधिभार वेगळा ठरवा आणि तो पैसा थेट आवर्तन सोडणाऱ्याच्या खात्यावर जाऊ दे. माझ्या भावाला पाणी गेल्याचं दुःख आहेच. त्याहून जास्त आहे ते कुणी त्याची किंमत विचारली नाही याचं.

कायद्याचं कलम १४(४) वापरा. बारमाही पिकाला ठिबक किंवा तुषार असल्याशिवाय कालव्याचं पाणी नाही, असं क्षेत्र आणि तारीख ठरवून लागू करायची तरतूद कायद्यात २००५ पासून आहे. वर आणि खाली, दोन्हीकडे एकाच दिवशी लागू करा. खालीही ऊस आहे, माझाही आहे, आणि आम्हाला वगळून हे केलं तर ते कुणी मानणार नाही. मात्र ठिबकला कालव्याचं पाणी चालायला शेततळं लागतं, पाळीची तारीख पक्की लागते आणि अनुदान ठिबक बसवण्याच्या वर्षीच मिळावं लागतं. या तीन गोष्टी आधी करा, मग सक्ती.

आणि पाणी मोजून द्या. टेलला (कालव्याच्या शेवटाला) आधी, तोंडाला नंतर. एकरावरची पाणीपट्टी बंद करून घनमीटरवर आणा, मग बघा मी वहीतला हिशेब कसा बदलते. त्या वर्षी हरभरा आणि ज्वारीची खरेदी वेळेवर होईल, अशी सरकारकडून लेखी हमीही घ्या. खरेदी आपल्या अखत्यारीत येत नाही, ठाऊक आहे. पण पाणी वळवायचं आणि पिकाचं नाव काढायचं नाही, असं चालणार नाही.

हे पत्र पाठवण्याआधी मी भावाला फोनवर वाचून दाखवलं. मोसंबीपर्यंत तो गप्प होता. ठिबकच्या सक्तीवर "हं" म्हणाला, पुढे काही नाही. शेवटी त्याने एकच दुरुस्ती सांगितली. नदीकाठच्या गावांना आठ दिवस आधी कळवा, असं मी लिहिलं होतं. तो म्हणाला, आठ दिवसांत खोडव्याची पाळी बसत नाही ताई, वीस लिही. वर वीस लिहिलं आहे.

आपली,
अंबड तालुक्यातली एक शेतकरी
(माहेर : कोपरगाव तालुका)